टँकरखालची अंघोळ

रबाळ्यात आमच्या ऑफिसात सध्या कार कॅम्पिंगचं खूळ आहे. पहिला प्रश्न एकच: अंघोळ कुठे करायची? अहो, आषाढी वारीने तो कधीच सोडवलाय. निदान अर्धा तरी.

१९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला शिस्त लावली, तेव्हा अंघोळ नदी-विहिरीवर. नीरा नदीत पादुकांना आजही स्नान घालतात. पुढे दिंड्यांसोबत ट्रक आले, टँकर आले. तंबू, भांडी ट्रकमध्ये आणि पहाटे टँकरच्या नळाखाली अंघोळ. पुरुष बिनधास्त उघड्यावर. बायका मात्र त्याआधीच उठणार. अंधारात एकीने साडी धरायची, दुसरीने अंगावर पाणी घ्यायचं. माझ्या आजीने अशा वाऱ्या केल्यात. पाण्यापेक्षा आडोशाचीच आठवण ती जास्त काढते. मी शॉवर बॅगेआधी आडोशाचा उभा तंबू मागवलाय.