आन्नाची समाधी: सिसिलीतील एका मृत्युलेखाची कथा

भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट म्हणजे सिसिली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात त्याला ओझरता स्पर्श झाला आहे. माल्टाहून रोमकडे नेले जात असताना बंदिवान संत पौल सिराकूझ बंदरात तीन दिवस राहिले. त्या नगरीच्या कॅथेड्रलमध्ये आज मिस्साला बसणाऱ्या भाविकाच्या शेजारी, भिंतीत अर्धवट गढलेले, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील स्तंभ उभे असतात. ते अथीना या ग्रीक देवतेच्या मंदिराचे. सातव्या शतकात स्तंभांमधील मोकळी जागा बांधून काढली गेली आणि मंदिराचे चर्च झाले. इतिहासासाठी येथे कुदळ चालवावी लागत नाही. तो उघड्यावरच उभा आहे.

सन ८२७ मध्ये अरब सैन्य या बेटावर उतरले. ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले. पुढे १०६१ पासून नॉर्मन सरदारांनी बेट जिंकण्यास प्रारंभ केला व १०९१ पर्यंत ते पूर्ण केले. हे विजेते लॅटिन परंपरेचे ख्रिस्ती, परंतु संख्येने मूठभर. प्रजा अरबी बोलणारी आणि ग्रीक बोलणारी. कारकून, हिशेबनीस, कारागीर सारे तिच्यातलेच. तेव्हा नॉर्मनांनी त्यांना ठेवून घेतले, ते औदार्याइतकेच गरजेपोटी, असे मला वाटते.

या गरजेतून काय निपजले ते पालेर्मोच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात दिसते. दुसरा रॉजर २५ डिसेंबर ११३० रोजी राजा झाला आणि त्यानेच हे मंदिर उभारले. भिंतींवर व घुमटात बायझंटाईन शैलीची सोनेरी कुट्टिमचित्रे, त्यांत ग्रीक अक्षरे. वर मात्र मुस्लिम कलापरंपरेतील रंगवलेले लाकडी छत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कोरलेले. त्यावर मांडी घालून बसलेले वादक आहेत, पेयाचे प्याले हाती घेतलेले पुरुष आहेत, आणि कूफी लिपीत शुभेच्छाही आहेत. प्रवचन चालू असताना तेथील भाविकांचे डोळे कुठे जात असतील, हा प्रश्न माझ्यासारख्या धर्मगुरूला पडल्याखेरीज राहत नाही!

पण मला या साऱ्या वैभवापेक्षा एक साधी संगमरवरी शिळा अधिक मोलाची वाटते. ती आन्ना नावाच्या एका स्त्रीच्या समाधीची आहे. शुक्रवार, २० ऑगस्ट ११४८ रोजी ती वारली. प्रथम तिला पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये पुरण्यात आले. पुढल्या वर्षी मे महिन्यात तिच्या मुलाने तिचे अवशेष संत मायकल यांच्या चर्चमध्ये हलविले. हा मुलगा, ग्रिसांतुस, राजा रॉजरच्या सेवेतील धर्मगुरू होता.

शिळेच्या मधोमध रंगीत दगडांच्या जडावाचा क्रूस आहे आणि भोवती चार लेख. डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी; आणि वरचा लेख भाषेने अरबीच, पण लिपी हिब्रू. तेथील यहुदी लोक अरबी बोलत, लिहीत मात्र आपल्या अक्षरांत. भाषा एक आणि लिपी दुसरी, हा प्रकार आपल्याला अनोळखी नसावा: फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीतच.

वर्षगणनाही ज्याची त्याची. लॅटिन लेखात ११४८, ग्रीकमध्ये विश्वनिर्मितीपासूनचे ६६५६, अरबीत हिजरी ५४३. अरबी लेखात कॅथेड्रलसाठी योजलेला शब्द तर ‘जामी’ आहे. ‘जामा मशीद’ म्हणताना आपण वापरतो तोच. त्याच लेखात रॉजरला रोमच्या इमामाचा, म्हणजे पोपमहोदयांचा, पाठीराखा म्हटले आहे. याच रॉजरने ११३९ मध्ये पोप दुसरे इनोसंट यांना कैद करून आपली राजपदवी मान्य करून घेतली होती, हे दरबारच्या धर्मगुरूला ठाऊक नसेल काय? असो.

राजाची फर्माने तीन भाषांत निघत, तेव्हा या शिळेत दरबारी ऐट आहेच. तरी फर्मान आणि मृत्युलेख यांत अंतर असते. फर्मान वाचणाऱ्याला आज्ञा करते. ग्रिसांतुसचा अरबी मजकूर वाचणाऱ्याला विनवतो: जो हे वाचून तिच्यासाठी दया मागेल, त्याच्यावर देव दया करो. आपल्या आईसाठी प्रार्थना करणारा कोणत्या धर्माचा असावा, याची अट त्या पुत्राने घातली नाही.

ही विनवणी ऐकणारे मात्र फार काळ उरले नाहीत. १६ व्या शतकाची वाट पाहावी लागली नाही. ११६१ मध्ये, शिळा बसवून बारा वर्षेच झाली असताना, पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झाली. ११८४ च्या नाताळात अंदलुसी यात्रेकरू इब्न जुबैर या शहरात होता. येथील ख्रिस्ती स्त्रियांचा पेहराव त्याला मुस्लिम स्त्रियांसारखाच दिसला. पण आपल्या धर्मबांधवांच्या मनातील धास्तीही त्याने नोंदवून ठेवली आहे. पुढे रॉजरचाच नातू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने १२२० नंतरच्या दशकांत सिसिलीतील मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे हलविले. तीही वसाहत १३०० मध्ये मोडण्यात आली. अनेकांना गुलाम म्हणून विकले गेले. १४९२ च्या स्पॅनिश फर्मानाने यहुद्यांनाही बेट सोडावे लागले. हे सारे ख्रिस्ती लोकांच्या हातून घडले, हे आपण लपवू नये.

आन्नाची शिळा आज पालेर्मोतील झीसा राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. नॉर्मन राजांनी बांधलेल्या त्या वाड्याचे नावही अरबीच: ‘अल्-अझीझा’, म्हणजे वैभवशाली.