गेटवुड आजींची झोळी

टूथब्रशचा अर्धा दांडा कापून फेकून देणारी माणसं जगात आहेत. का, तर पाठीवरचं वजन चार-पाच ग्रॅमने कमी होतं! 'अल्ट्रालाइट' म्हणवून घेणारी ही जमात अमेरिकेतल्या लांबलचक ट्रेल्सवर सापडते. चड्डीपासून चमच्यापर्यंत प्रत्येक वस्तूचं वजन एक्सेल शीटमध्ये (आपलीच माणसं!). आणि याच मंडळींची दुसरी कायमची तक्रार म्हणजे परमिट. इथे तंबू नको, तिथे शेकोटी नको, अमुक ठिकाणी नाव नोंदवा. पूर्वी असं नव्हतं, कोणीही उठावं आणि चालू लागावं, असा एकंदर सूर.

पूर्वी म्हणजे नेमकं कधी, हे बघायला गेलं की आपण एका आजींपाशी पोचतो.

एमा गेटवुड, राहणार ओहायो. अकरा मुलं वाढवली, नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं खाल्ला, शेवटी घटस्फोट घेतला. 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये ॲपलेशियन ट्रेलवरचा लेख वाचला आणि ते डोक्यात बसलं. १९५४ साली मेन राज्यातून सुरुवात केली, पण वाट चुकली, चष्मा फुटला, रेंजर लोकांनी घरी जायला सांगितलं. १९५५ च्या मे महिन्यात वय वर्षं ६७ असताना बाईंनी दुसऱ्या टोकाने, म्हणजे जॉर्जियातून, पुन्हा सुरुवात केली. घरी सांगितलं ते एवढंच, की जरा फिरायला जातेय. २५ सप्टेंबरला त्या मेनमधल्या कटाडिन शिखरावर उभ्या होत्या. सुमारे ३,३०० किलोमीटर! एकटीने, एका दमात हा ट्रेल पूर्ण करणारी पहिली बाई.

सामान काय? डेनिमच्या कापडाची घरी शिवलेली झोळी, एका खांद्यावर टाकलेली. आत एक ब्लँकेट, रेनकोट, आणि पावसापासून आडोसा म्हणून प्लास्टिकचा शॉवरचा पडदा. पायात केड्सचे कॅनव्हासचे बूट. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. झोळीचं वजन क्वचितच ९ किलोंच्या वर जायचं. आजचे अल्ट्रालाइटवाले त्यांना कुलदैवत मानतात ते उगाच नाही.

पण तंबूशिवाय त्यांचं भागलं कसं, हा प्रश्न विचारायला हवा. कुणाच्या ओसरीवर झोपून, कुणाच्या टेबलावर जेवून. काही घरांनी दार लावूनही घेतलं. मग पाचोळ्यावर किंवा बाकावर झोपायचं. म्हणजे झोळी हलकी होती कारण उरलेलं वजन वाटेवरच्या अनोळखी लोकांनी उचललं होतं. आणि नुसतं जेवणच नाही, खुद्द वाटसुद्धा बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच भरवशावर होती.

हा मुद्दा मला सगळ्यात रोचक वाटतो. बेंटन मकाय नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली एका वास्तुशास्त्राच्या मासिकात या ट्रेलची कल्पना मांडली, आणि १९३७ साली स्वयंसेवकांच्या जोरावर तो जोडून पूर्ण झाला. पण 'जोडून' म्हणजे काय? काही भाग सरकारी जंगलातून, काही गाड्यांच्या रस्त्यावरून आणि शेकडो किलोमीटर खासगी जमिनीतून. क्लबच्या माणसाने जाऊन जमीनमालकाशी बोलायचं, तो "बरं, जा" म्हणाला की झाडावर पांढरा पट्टा मारायचा. कागद नाही, करार नाही. मालक बदलला, जमीन विकली गेली, कुणी तारेचं कुंपण घातलं, की पट्टे पुसायचे आणि वाट दुसरीकडून न्यायची.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे आजी जिथून निघाल्या ती जागा. तेव्हा ट्रेलचं दक्षिण टोक होतं माउंट ओगलथॉर्प. तिथे आसपास रस्ते, बांधकामं आणि चक्क कोंबड्यांचे फार्म वाढत गेले, आणि १९५८ साली ते टोकच उचलून स्प्रिंगर माउंटनला नेलं, सरकारी जंगलाच्या हद्दीत. आजी चालल्या त्याला जेमतेम तीन वर्षं होत होती, आणि त्यांची सुरुवातीची वाट अधिकृत ट्रेलमधून गायब!

तेव्हा 'पूर्वी परमिट लागत नव्हतं' हे बऱ्याच अंशी खरं, पण पूर्वी हक्कही नव्हता. तुम्ही कुणाच्या तरी मेहेरबानीवर चालत होता.

हक्क आला तो १९६८ च्या नॅशनल ट्रेल्स सिस्टिम ॲक्टने. ॲपलेशियन आणि पश्चिमेकडचा पॅसिफिक क्रेस्ट, या पहिल्या दोन राष्ट्रीय ट्रेल्सना कायद्याचं छत्र मिळालं. जमीन घ्यायला खरा पैसा मात्र १९७८ च्या दुरुस्तीनंतर आला. साधारण ३०० मीटर रुंदीचा पट्टा विकत घ्यायचा, आणि मालक अगदीच ऐकेना तर शेवटी सक्तीचं भूसंपादन. (हा शब्द आपल्याला काही नवा नाही.) ज्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आपणहून वाट दिली होती, त्यांच्यातल्या काहींना सरकारी नोटीस आली. त्यांचा संताप मला पूर्ण समजतो. पण आज ९९ टक्क्यांहून जास्त ट्रेल सार्वजनिक जमिनीवर आहे, हेही त्याशिवाय झालं नसतं. वाट सरकारची झाली, की वाटेवर सरकारचे नियमही आले.

आता वजनाकडे परत येऊ, कारण गर्दीचा संबंध तिथे लागतो. रे जार्डिन हा मूळचा एरोस्पेस इंजिनिअर, अंतराळयानांच्या उड्डाणाची कॉम्प्युटरवर गणितं करणारा. १९९२ साली त्याने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर पुस्तक लिहिलं. त्याचं लॉजिक कुठल्याही इंजिनिअरला लगेच पटेल. सामान जड, म्हणून सॅक मजबूत हवी. मजबूत सॅक स्वतःच जड. एवढं ओझं म्हणून दणकट बूट. बूट जड म्हणून वेग कमी. वेग कमी म्हणून जास्त दिवसांचा शिधा. शिधा जास्त म्हणून सामान आणखी जड. हे लूप त्याने उलटं फिरवलं. तंबूऐवजी ताडपत्री, स्लीपिंग बॅगऐवजी रजई, बुटांऐवजी धावायचे शूज. तो आणि त्याची बायको जेनी यांना हा ट्रेल १९८७ साली साडेचार महिने पुरला होता, तोच १९९४ साली तीन महिन्यांच्या थोडं वर. शिधा-पाणी सोडून सॅक ४ किलोंच्या आसपास!

याचा परिणाम असा, की जो ट्रेल पूर्वी फक्त दणकट खांद्यांचा होता तो साध्या माणसांच्या आवाक्यात आला. त्यात पुस्तकं आली, सिनेमे आले, माणसांची रीघ लागली. पॅसिफिक क्रेस्टवर २०१३ पासून दक्षिण टोकावरून दिवसाला ५० जणांचीच मर्यादा आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरामध्ये बऱ्याच भागात अस्वलांपासून अन्न वाचवायला टणक डबा न्यावाच लागतो. त्याचं वजन सव्वा किलोच्या घरात. किती टूथब्रश कापावे लागतील हिशोब करा :)

सगळ्यात ठसका उडाला तो आजींच्या कटाडिनवर. ही जमीन पर्सिव्हल बॅक्स्टर या माजी गव्हर्नरने १९३० पासून स्वतःच्या खिशातून थोडी थोडी विकत घेऊन राज्याला दिली, दोन लाख एकर, कायम रानच राहील या अटीवर. १२ जुलै २०१५ ला धावपटू स्कॉट जुरेकने ट्रेल ४६ दिवसांत संपवून विक्रम केला आणि शिखरावर शॅम्पेन उडवली. रेंजरने हातात समन्स ठेवलं: उघड्यावर दारू, कचरा आणि १२ पेक्षा मोठा घोळका. दोन आरोप पुढे मागे घेतले गेले, दारूचा ५०० डॉलर दंड राहिला. तेव्हा अनेकांनी पार्कला खडूस ठरवलं. मला पार्कचं बरोबर वाटतं. बक्षीसपत्रात अट होती आणि ती पाळायची जबाबदारी त्यांचीच. हे असंच चाललं तर ट्रेलचं टोक कटाडिनवरून हलवावं लागेल, असा इशाराही त्यांनी दिलाच होता. म्हणजे ओगलथॉर्प पुन्हा एकदा, फक्त यावेळी कोंबड्यांऐवजी आपण! २०१६ पासून लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांना तिथे वेगळं परमिट घ्यावं लागतं. फुकट असतं, पण स्वतः जाऊन घ्यायचं.

एडिसन, पार्सिपनी वगैरे भागात ऑनसाइट असलेल्या मंडळींसाठी: हा ट्रेल तुमच्या न्यू जर्सीतूनही जातो, डेलावेअर वॉटर गॅपला गाडी लावून एका दिवसात बराच बघून होतो. मुक्काम करणार असाल तर तो ठरवून दिलेल्या जागीच करायचा, आणि न्यू जर्सीतल्या ट्रेलवर शेकोटीला पूर्ण बंदी आहे. चहा स्टोव्हवर करा.