हुगळीची मोहनिद्रा

वेदनारहित शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना बहुधा बोस्टनपासून आरंभ केला जातो. परंतु तेथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरचा जाहीर प्रयोग झाला, त्याच्या दीड वर्ष आधीच बंगालमधील हुगळी येथे एका निराळ्या मार्गाने तेच साध्य गाठण्याचा यत्न चालू झाला होता.

जेम्स एस्डेल हा कंपनी सरकारच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य. मेस्मरचा 'प्राणिज चुंबकत्वा'चा सिद्धान्त पॅरिसच्या राजनियुक्त समितीने १७८४ मध्येच त्याज्य ठरविला होता. एस्डेलने त्या विद्येचा प्रयोग कधी पाहिलाही नव्हता. त्याची भिस्त केवळ वाचनावर. ४ एप्रिल १८४५ रोजी अंडवृद्धीने पीडित असा एक कैदी शस्त्रक्रियेनंतर तळमळत असताना एस्डेलने त्याच्या अंगावरून, स्पर्श न करता, हात फिरविण्यास आरंभ केला. काही वेळाने टाचण्या टोचूनही तो हलेना. पुढील आठ महिन्यांत अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची यादी त्याने १८४६ च्या आपल्या ग्रंथात दिली. त्यांत हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढण्याचे प्रसंगही होते.

या कार्यातील खरे कष्ट मात्र एस्डेलचे नव्हते. अंधाऱ्या खोलीत रोग्याच्या उशाशी बसून तासन् तास, प्रसंगी दिवसामागून दिवस, हात फिरवीत राहणारे होते ते रुग्णालयातील तरुण हिंदू व मुसलमान मदतनीस.

बंगाल सरकारने १८४६ मध्ये चौकशी-समिती नेमली. निवडलेल्यांपैकी काहींना निद्रा आलीच नाही. काहींना ती आली, परंतु सुरी चालत असता त्यांचे अंग पिळवटले, मुद्रा विकृत झाली. तरी जागे झाल्यावर वेदना आठवत नसल्याचे त्यांनी सांगितले. जी आठवत नाही ती वेदना भोगली असे म्हणावे काय? रोगी साहेबाच्या मर्जीसाठी सोंग करतात, असाही आक्षेप निघाला. रुग्ण पुष्कळसे गरीब, काही तर बंदिवान. त्यांची संमती कितपत मुक्त होती, हा प्रश्न आज आपल्याला अधिक टोचतो.

तरीही नोव्हेंबर १८४६ मध्ये कलकत्त्यात एक वर्षासाठी मेस्मरविद्येचे रुग्णालय उघडले. तोवर ईथर आले होते. नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मही आले. ज्यासाठी तास लागत ते मिनिटांत होऊ लागले, आणि तेही बहुतेक प्रत्येकावर. सरकारी रुग्णालय १८४८ मध्ये बंद झाले. १८५१ मध्ये एस्डेलने हिंदुस्थान सोडला.

अंगात एक अदृश्य द्रव्य वाहते, ही त्याची समजूत टिकली नाही. जेम्स ब्रेडने १८४३ मध्येच या अवस्थेचे कारण रोग्याच्या ठायी शोधून तिला 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केले होते. १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखविले की, सूचनेने वेदनेची असह्यता कमीअधिक होते आणि मेंदूच्या एका विशिष्ट भागातील क्रियाही तिच्याबरोबर बदलते. आज संमोहनाचा उपयोग प्रसूती, दाहचिकित्सा, दंतवैद्यक यांत इतर उपायांच्या जोडीने होतो. हुगळीचे निदान चुकले. निरीक्षण मात्र सर्वस्वी चुकलेले नव्हते.