टेप चालू ठेवा

माझे मोठेबाबा सत्तरच्या दशकात मुंबईत नोकरीला होते. धानकापणी आटोपली की सुटीवर तिरोड्याला यायचे आणि आम्हा पोरांना मुंबईच्या गोष्टी सांगायचे. त्यात सिनेमानटांपेक्षा गाणारी-वाजवणारी माणसंच जास्त असत. नंदू भेंडे हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. ‘‘इंग्रजी नाटक होतं गा, येशूवरचं. त्यात आपला मराठी पोरगा गात होता. शब्द काही समजले नाही, पण अंगावर काटा आला.’’

ते नाटक म्हणजे ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’. 1974 साली अलेक पदमसींनी ते मुंबईत उभं केलं आणि येशूचा घात करणारा ज्यूडास नंदू भेंड्यांनी गायला. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा, म्हणजे घर मराठी रंगभूमीचं. मुलगा मात्र गिटार, ड्रम आणि रॉकच्या वाटेनं गेला. पुढे 1978 साली पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवलं, त्यातही नंदू होते. मराठी नाटकात रॉकचा आवाज इतक्या ठसक्यात त्याआधी क्वचितच उमटला असेल. मला त्यांचं मोठेपण इथंच दिसतं.

मोठेबाबांची दुसरी आवडती गोष्ट कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ची. 1972 साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि त्या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांची वाद्यं घेऊन वाजवून गेले. ‘‘मी नव्हतो तिथं,’’ मोठेबाबा आधीच सांगून टाकत, ‘‘पण दुसऱ्या दिवशी ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच.’’ गोष्ट खरी होती. त्या पिढीच्या बँडबाजीची हकीकत पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांनी 2014 साली ‘इंडिया सायकेडेलिक’ या पुस्तकात मांडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नंदू भेंडे गेले. पुस्तक आणखी दहा वर्षं लांबलं असतं, तर किती गोष्टी माणसांबरोबर गेल्या असत्या!

याच लेड झेपेलिनच्या मागे अमेरिकेत एक पोरगा वही आणि टेपरेकॉर्डर घेऊन फिरत होता. त्याचं नाव कॅमेरॉन क्रो. पंधराव्या वर्षी शाळा संपवून तो ‘रोलिंग स्टोन’ मासिकासाठी लिहू लागला. 1973 साली ऑलमन ब्रदर्स बँडबरोबर दौऱ्यावर गेला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या बँडवर तेव्हा शोककळा होती. गिटारवादक ड्वेन ऑलमन 1971 मध्ये आणि बेस वाजवणारा बेरी ओकली त्याच्या पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात गेला होता. ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग या पोराशी मोकळेपणानं बोलला आणि दौऱ्याच्या शेवटी अचानक बिथरला. तू पोलिसांचा माणूस तर नाहीस ना, असा संशय घेऊन त्यानं सगळ्या टेप काढून घेतल्या. सोळा वर्षांच्या पोराची सगळी कमाई त्या टेपांत होती. काही दिवसांनी त्या परत मिळाल्या आणि मुलाखत छापून आली.

क्रो पुढे सिनेमाकडे वळला. 2000 साली त्यानं ‘ऑलमोस्ट फेमस’ काढला. त्यातला बँड काल्पनिक आहे, पण बसमधली भांडणं, हॉटेलांतल्या रात्री, घरी काळजीनं फोन करणारी आई हे सगळं त्याच्या दौऱ्यांतून आलेलं. पटकथेला ऑस्कर मिळालं. मला मात्र वाटतं, त्या सिनेमाचं बी टेपवरच्या आवाजांत होतं. दुःखात असलेल्या माणसांपाशी तो पोरगा बसला, त्यांचं ऐकत राहिला. तेवढं केलं म्हणून सत्तावीस वर्षांनी त्याच्याकडे सांगायला काही होतं.

हे आठवलं की माझं लक्ष आमच्या वादकांकडे जातं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचासमोर ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड घेऊन बसलेली मंडळी त्या सगळ्या वेळात जागची हलत नाहीत. नट आत जाऊन चहा घेतो. ऑर्गनवाल्याला तीही सवड नाही. गाण्याला ‘वन्स मोअर’ आला की त्याची बोटं पुन्हा कामाला लागतात. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रीचा प्रवास, अर्धवट झोप, बिदागीवरून कुरबुरी. रॉक बँडच्या दौऱ्यात याहून वेगळं काय असतं? 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या नटाचं नाव देशानं ऐकलं. वादकांची नावं मात्र पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात असतात, कधी तीही नसतात.

मोठेबाबा आता नाहीत. त्यांच्या गोष्टींतलं मला आठवतं तेवढंच उरलं. आवाज उरला नाही. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यावर आम्ही सिनेमाची गाणीच ऐकली.

भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरेल, नाटकं लागतील. पाहायला जाल तेव्हा पडदा पडल्यावर लगेच घराकडे वळू नका. ऑर्गन आवरत असलेल्या माणसापाशी जा, चहा पाजा, त्याचं नाव-गाव विचारा, कोणापाशी शिकला ते विचारा, आणि खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करा.