चार बॉबिन आणि स्वातंत्र्याची किंमत

गेले तीन रविवार मी एका गोल उशीपुढे बसून दोऱ्यांशी झटापट करतोय. बॉबिन लेस शिकतोय. आजची गोष्ट त्यातूनच सुचली.

लेस म्हटलं की आपल्याला साडीला लावायची रेडिमेड पट्टी आठवते, नाहीतर आजीचा क्रोशा. बॉबिन लेसला हूक लागत नाही, सुईही नाही. घट्ट भरलेल्या उशीवर नक्षी टोचलेला जाड कागद ठेवायचा, भोकांत टाचण्या रोवायच्या आणि बॉबिनना, म्हणजे छोट्या लाकडी काड्यांना, गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंतवत जायचं.

सुरुवातीला चार बॉबिन, म्हणजे दोन जोड्या. हालचालीही दोनच. क्रॉस म्हणजे मधल्या दोघांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा. ट्विस्ट म्हणजे प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस केलं की कापडासारखी वीण तयार होते. सोपं वाटतंय ना? मी सातव्या टाचणीपाशी एक ट्विस्ट विसरलो आणि ते कळलं पंधराव्या टाचणीला. मग बसा उसवत!

माझी चूक म्हणजे फक्त वाया गेलेली दुपार. पण हाच पहिला धडा पूर्वी कोण गिरवायचं, ते बघा.

युरोपात ही कला सोळाव्या शतकापासूनची. १५६१ मध्ये झ्युरिकला बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पुस्तकही छापलं गेलं. पुढे इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशर, बेडफर्डशर या भागांत 'लेस स्कूल' चालायच्या. नाव शाळेचं, पण पाच-सहा वर्षांची मुलं तिथं दिवसभर उशीपुढे बसायची. टाचण्या मोजता याव्यात आणि हाताचा वेग टिकावा म्हणून गाणी म्हणायची. त्यांनी केलेली लेस व्यापारी घ्यायचे आणि भावही तेच ठरवायचे. त्यात १८०९ मध्ये जॉन हीथकोटनं जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि हाताच्या जाळीचा बाजार हळूहळू बसत गेला.

याच सुमारास ही उशी आपल्या देशात आली. १८१९ मध्ये मार्था मॉल्ट आणि त्यांचे पती चार्ल्स हे लंडन मिशनरी सोसायटीचं जोडपं नागरकोईलला पोचलं. आज हे गाव तमिळनाडूत आहे, तेव्हा त्रावणकोर संस्थानात होतं. मार्थाबाईंनी मुलींची शाळा चालवली आणि तिथं लेस शिकवायला सुरुवात केली.

त्रावणकोरमध्ये तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. या शाळेतल्या काही मुलीही गुलाम होत्या. लेस विकून येणाऱ्या पैशांतला वाटा त्यांच्या हातात पडायचा, आणि तो साठवून काहींनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. त्रावणकोरनं गुलामगिरी बंद केली ती १८५५ मध्ये. म्हणजे कायद्याच्या आधी या मुली आपल्या कमाईवर मोकळ्या झाल्या होत्या.

पण गोष्ट इतकी गोड नाही. त्यांची नाजूक लेस युरोपियन बायकांच्या कपड्यांवर मिरवत होती. आणि याच भागात नाडार बायकांना सवर्ण बायकांसारखं अंगावर वस्त्र घ्यायची बंदी होती! अनेक वर्षांच्या संघर्षानंतर १८५९ मध्ये त्यांना अंग झाकायची परवानगी मिळाली. तीही अटीसकट: सवर्ण बायकांसारखी पद्धत नको.

दोन्हीकडे उशी तीच, क्रॉस-ट्विस्ट तेच. इंग्लंडमधल्या मुलांचं बालपण त्यात गेलं, नागरकोईलच्या काही मुलींना त्यातून मोकळीक मिळाली. फरक पडला तो कमाई कुणाच्या हातात पडली यानं. 'मुलींना काहीतरी हस्तकला शिकवा' असं आपण सहज म्हणतो ना, तेव्हा पुढचा प्रश्नही विचारायला हवा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार?

माझी पट्टी आता वीतभर झालीये. वाकडी आहे, पण उसवणार नाही. भेटू पुढच्या भागात!