भुलीचं बिल

मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत लोकांचे आकडे इकडचे तिकडे करतो आहे. त्यामुळे 2018 साली ह्यूस्टनहून आमच्या धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला, "दादा, एक बिल समजत नाहीये, बघतोस का?" तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. बिल म्हणजे आपला प्रांत!

बाळूचं अपेंडिक्स काढलं होतं. विमा होता, हॉस्पिटल कंपनीच्या यादीतलं होतं, सर्जनही यादीतला. पहिले दीड हजार डॉलर बाळूने खिशातून भरायचे, याला म्हणायचं 'डिडक्टिबल'. पुढच्या खर्चात शंभरातले ऐंशी कंपनीचे, वीस त्याचे. इथवर माझी पदवी पुरली. पण भूल देणारा डॉक्टर निघाला यादीबाहेरचा! कंपनीने त्याला स्वतःला योग्य वाटले तेवढे दिले, उरलेले तेवीसशे डॉलर आले बाळूच्या अंगावर.

"अरे, आधी विचारायचंस ना त्याला!"

"विचारणार होतो दादा, पण त्याने आकडे मोजायला सांगितले. सातच्या पुढचं आठवत नाही."

ते तेवीसशे डॉलर नातीच्या बारशाला आईला बोलवायचे म्हणून बाजूला काढलेले होते.

मला राग आला. कारकुनाला राग आला की तो जुनी लेजरं काढतो. मीही काढली. पहिली नोंद सापडली ती बाळूच्याच राज्यात. 1929 साली डॅलसच्या बेलर हॉस्पिटलचा कारभार जस्टिन किंबॉल नावाच्या गृहस्थांकडे आला. हे पूर्वी तिथल्या शाळांचे मुख्य अधिकारी. थकबाकीची वही चाळताना त्यांना ओळखीची नावं दिसू लागली, आपल्याच मास्तरांची! त्यांनी योजना काढली: महिना 50 सेंट भरा आणि वर्षाला 21 दिवस हॉस्पिटलात राहा. याच रोपट्याचा पुढे 'ब्लू क्रॉस' झाला.

पण गंमत बघा. ही सोय फक्त बेलरमध्येच. म्हणजे यादी होती आणि यादीत नाव एकच! आपल्या रेशनकार्डावर दुकान ठरलेलं असायचं, पलीकडच्या दुकानात साखरेचं पोतं उघडं दिसलं तरी आपल्याला चमचाभर मिळायची नाही, तसं. यादीबाहेरचं दुखणं पाळण्यातच होतं म्हणायचं.

पुढे 1942 साली, महायुद्धात, सरकारने पगारवाढ गोठवली. पगार वाढवता येईना, पण विमा देता येत होता. मालकांनी तो दिला. 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या हप्त्यावर नोकराला कर नाही हे पक्कं केलं आणि विमा नोकरीला जो चिकटला तो चिकटलाच. त्याच दशकात मोठ्या आजारांचे विमे पसरले आणि मोटारीच्या विम्यातलं डिडक्टिबल माणसाला लागलं. बारीक पोचा मालकाने काढायचा, गाडी चेपली तर कंपनीकडे यायचं! 1973 च्या एका कायद्याने ठरावीक डॉक्टरांच्या योजनांना उत्तेजन दिलं आणि याद्यांचं पीक आलं.

एवढा इतिहास मी बाळूला फोनवर ऐकवला. तो म्हणाला, "दादा, म्हणजे भरायचं ना?"

भरलं त्याने, हप्त्याहप्त्याने. 1 जानेवारी 2022 पासून तिकडे कायदा झाला: यादीतल्या हॉस्पिटलात यादीबाहेरच्या माणसाने भूल दिली तरी रोग्याने यादीतल्या दरानेच आपला वाटा द्यायचा. तातडीच्या इलाजालाही तेच. हवाई अँब्युलन्स त्यात आहे, रस्त्यावरची मात्र वगळली! तेव्हा टेक्सासात आजारी पडायचंच तर उडत पडावं.

हप्ते फिटेस्तोवर 2020 उजाडलं आणि विमानंच बंद झाली. आई अखेर 2023 साली गेली. गुडघे तोवर पाच वर्षांनी म्हातारे झाले होते आणि नात शाळेत जात होती. मी आईच्या प्रवासी विम्याची सगळी कलमं वाचून, चिठ्ठीवर देवनागरीत 'आर यू इन नेटवर्क?' लिहून ती तिच्या चष्म्याच्या घरात ठेवली होती. चिठ्ठी तशीच परत आली.

"बरं झालं, काही लागलं नाही," मी म्हणालो.

"हो," आई चष्मा पुसत म्हणाली, "फक्त बारसं तेवढं यादीबाहेर राहिलं."