बिलोरी

भाषाशुद्धीचा विषय निघाला की अरबी-फारसी शब्दांकडे बोट जाते आणि 'हे तुमचे शब्द' असे आम्हाला ऐकवले जाते. आमचे असतील तर आनंदच आहे! पण 'बिलोरी' या शब्दाची जातकुळी एकदा पाहावी.

बिलोरी आरसा, बिलोरी भिंग. काचेसारखे नितळ, आरपार दिसणारे. फारसीत बुलूर, उर्दूत बिल्लौर, अरबीत बल्लूर, अर्थ स्फटिक. कुरआनात मात्र हा शब्द नाही. तिथे काचेसाठी 'जुजाजा' आणि 'कवारीर' येतात. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ. स.) यांच्या महालात सबाची राणी येते, काचेची फरशी तिला पाणी वाटते आणि ती वस्त्र वर उचलते. सूरह इन्सानमध्ये जन्नतमधले पेले चांदीचे, तरीही कवारीर. चांदीची शुभ्रता आणि काचेची पारदर्शकता, असा त्याचा उलगडा मुफस्सिरांनी केला.

बल्लूरचे वैभव पाहावे ते फातिमी कैरोत. नासिर खुस्रो अकराव्या शतकात तिथे गेला, तेव्हा बाजारात स्फटिक कोरणारे कसबी कारागीर त्याने पाहिले. खलिफा अल-अजीज (९७५-९९६) याचे नाव कोरलेली स्फटिकाची सुरई आज व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या खजिन्यात आहे.

पण बल्लूर हा शब्द अरबांच्या घरचा नव्हे. अभ्यासक त्याचा संबंध ग्रीक 'बेरिल्लोस'शी लावतात, आणि बेरिल्लोस आला प्राकृत 'वेळुरिय'वरून, म्हणजे आपल्या वैडूर्यावरून. इ. स. ७९ मध्ये वारलेला रोमन लेखक प्लिनी लिहितो की हे खडे भारतातून येतात, इतरत्र क्वचितच सापडतात. स्फटिक रंगवून भारतीय लोक नकली खडे करतात, हेही तो सांगून टाकतो. (व्यापारी तेव्हाही व्यापारीच!) पुढे याच बेरिल्लोसवरून जर्मनांनी चष्म्याला 'ब्रिले' म्हटले.

वैडूर्य तरी संस्कृतचा म्हणावा, तर पाणिनी तो 'विदूर' या स्थळनामावरून साधतो. त्यावर पतंजलीच्या महाभाष्यात शंका आहेच : खडा निघतो वालवायला, विदूरला नुसता घडवतात. आजचे काही अभ्यासक त्याचे मूळ द्राविडी मानतात.

असा हा शब्द दक्षिणेतून समुद्रापार गेला आणि फारसीचा हात धरून मराठीत परतला. घरी राहिलेल्या वैडूर्याचा अर्थ मात्र बदलला. आज जवाहिऱ्याकडे वैडूर्य मागितले तर तो लसण्या काढून दाखवतो, मधोमध पांढुरकी रेघ असलेला, धुरकट.